प्रतीमागे नऊ पेन्स : 'अ ख्रिसमस कॅरोल'चा जमाखर्च

१८४४च्या फेब्रुवारीत चार्ल्स डिकन्सच्या हाती त्याच्या नव्या पुस्तकाचा हिशेब आला. पुस्तक होतं 'अ ख्रिसमस कॅरोल'. १९ डिसेंबर १८४३ला ते बाजारात आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती संपलीसुद्धा. पुढच्या छपाया चालू होत्या. समीक्षक खूश होते, अनोळखी वाचकांची पत्रं येत होती. एक हजार पौंड तरी निव्वळ सुटतील, असं डिकन्सने धरलं होतं. हिशेबात पहिल्या सहा हजार प्रतींवर निघाले २३० पौंड. ती रात्र कशी काढली हे त्याने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला कळवलं. आता आपण अंथरुणातून उठतच नाही, असं त्याला रात्रभर वाटत होतं.

इतकं खपलेलं पुस्तक लेखकाला इतकं कमी का देऊन गेलं, हा या प्रकरणाचा प्रश्न. डिकन्सच्या चरित्रांत त्याचं उत्तर बहुधा 'खर्च फार झाला' एवढ्यावर आटोपतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. हा जमाखर्च ओळीओळीने वाचला, की लेखक म्हणून डिकन्स कशाच्या मागे होता तेही त्यात दिसतं.

त्या वर्षीचा डिकन्स

डिकन्स तेव्हा एकतीस वर्षांचा होता. 'पिकविक पेपर्स'ने १८३६-३७मध्ये त्याला इंग्लंडभर पोचवलं होतं. दरमहा एक शिलिंगाचा अंक, त्यात कथेचा एक तुकडा आणि दोन चित्रं, अशी ती रचना. शेवटी शेवटी 'पिकविक'चे अंक महिन्याला चाळीस हजारांवर गेले. पुढे 'ऑलिव्हर ट्विस्ट', 'निकोलस निकलबी', 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' आले आणि लेखणीवर मोठं घर चालवता येतं हे त्याने दाखवून दिलं.

मग १८४२ साली तो अमेरिकेला गेला. प्रवासाआधी त्याने चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांशी करार केला होता. वर्षभर लिखाण बंद, त्या काळात दरमहा उचल आणि नवी कादंबरी सुरू झाली की महिन्याला २०० पौंड. करारात एक कलम होतं. कादंबरीच्या उत्पन्नातून उचल फिटत नाही असं दिसलं, तर महिन्याला ५० पौंड कापून घेण्याचा अधिकार प्रकाशकांना होता. सही करताना ते कलम कधी लागू होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

ती नवी कादंबरी, 'मार्टिन चझलविट', जानेवारी १८४३ला सुरू झाली आणि खप वीस हजारांच्या आसपास अडकून बसला. डिकन्सने नायकाला अमेरिकेला धाडून पाहिलं, त्याने दोन-तीन हजार वाढले, एवढंच. जूनमध्ये भागीदार विल्यम हॉल यांनी त्या कलमाची आठवण काढली. डिकन्सला ते इतकं झोंबलं की या प्रकाशकांशी संबंध तोडायचा, हे त्याने त्याच दिवसांत मनाशी ठरवलं.

या संतापामागे १८२४ सालची गोष्ट आहे. वडील जॉन डिकन्स कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स टेम्सकाठच्या एका गोदामात बुटांच्या पॉलिशच्या डब्यांवर लेबलं चिकटवू लागला. आठवड्याला सहा शिलिंग मिळत. ही हकिकत त्याने फॉर्स्टर वगळता जवळपास कोणालाच सांगितली नाही, त्याच्या मुलांनाही ती त्याच्या मृत्यूनंतर कळली. अशा माणसाला पगार कापण्याची भाषा ऐकवली गेली होती. घरात चार मुलं, पाचवं वाटेवर, आणि वडील अजूनही मुलाच्या नावावर उधारी करत होते. कॅरोल लिहायला बसलेल्या माणसाला पैशाची नड होती. हे सांगितल्याने पुस्तकाचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही.

पत्रकाचं झालं पुस्तक

नड होती, पण पुस्तक नडीतून जन्मलं नाही. १८४३च्या सुरुवातीला बालकामगारांच्या स्थितीवरचा सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल निघाला. कारखान्यांत आणि कसबी धंद्यांत राबणाऱ्या मुलांच्या साक्षी त्यात होत्या. आयोगाचे एक सदस्य डॉ. साउथवुड स्मिथ यांनी तो डिकन्सला पाठवला. गरिबांच्या मुलांच्या बाजूने इंग्लंडच्या जनतेला उद्देशून एक स्वस्त पत्रक काढायचं, असं त्याने लगेच ठरवलं. चार-पाच दिवसांतच बेत बदलला. वर्ष सरताना आपण असा घण घालू, की पत्रकाच्या वीस पट, वीस हजार पट जोर त्यात असेल, असं त्याने स्मिथना कळवलं. कथा तोवर सुचलेली नव्हती, नुसती जिद्द होती.

सप्टेंबरात तो लंडनच्या सॅफ्रन हिल भागातली फील्ड लेन रॅगेड स्कूल बघून आला. फाटक्या मुलांना फुकट शिकवणारी ही शाळा. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या फेगिन या चोरांच्या म्होरक्याचा अड्डा त्याने याच वस्तीत कल्पिला होता. आता तिथली खरी मुलं समोर होती, आणि आपण लिहिलं त्याहून स्थिती वाईट आहे हे त्याने पाहिलं. ५ ऑक्टोबरला मँचेस्टरच्या अथेनियममध्ये त्याने कामकरी लोकांच्या शिक्षणावर भाषण केलं, व्यासपीठावर कॉबडेन आणि डिझरायली हे राजकारणी होते. कॅरोलची कल्पना याच सुमारास मनात उभी राहिली.

ऑक्टोबरच्या मध्यापासून साधारण सहा आठवड्यांत त्याने पुस्तक पुरं केलं, तेही 'चझलविट'चे मासिक हप्ते चालू ठेवून. रात्री लंडन झोपल्यावर तो पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल रस्ते तुडवत कथा जुळवायचा, हसायचा, रडायचा. कथेतल्या कंजूष स्क्रूजला भेटणाऱ्या तीन भुतांपैकी दुसऱ्याच्या झग्याखालून बाहेर येणारी दोन खंगलेली मुलं, अज्ञान आणि अभाव, ही त्या अहवालातून आणि त्या शाळेतून आली आहेत. पत्रकात ती आकडे होऊन राहिली असती.

पाच शिलिंगांचं देखणं पुस्तक

प्रकाशकांवर राग होता, पण नवा प्रकाशक शोधायला वेळ नव्हता. म्हणून डिकन्सने कॅरोल चॅपमन अँड हॉलकडेच दिलं, फक्त कमिशनवर. छपाईचा सगळा खर्च लेखकाचा, नफाही लेखकाचा. शेतकऱ्याचा माल अडत्याने विकावा आणि आपली अडत कापून घ्यावी, तशी प्रकाशकांची भूमिका. त्यात त्यांना जोखीम शून्य, आणि पुस्तक कसं दिसावं हे ठरवणारा एकटा डिकन्स.

आणि ते कसं दिसावं याबद्दल त्याच्या मनात काही शंका नव्हती. तांबूस कापडी बांधणी, त्यावर सोनेरी छाप, पानांच्या कडा सोनेरी. जॉन लीचची आठ चित्रं, त्यांतली चार हाताने रंगवलेली. शीर्षकपान दोन रंगांत. आधी पुठ्ठ्याच्या आतले कागद हिरवे होते, त्यांचा रंग बोटांना लागू लागला, म्हणून ते पिवळे करायला लावले. शीर्षकपानाचे रंगही मनासारखे आले नाहीत, तेही बदलले. हे सगळं डिसेंबर उजाडल्यावर! किंमत ठेवली पाच शिलिंग. त्या काळी पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स होत.

एवढ्या नटलेल्या पुस्तकाला पाच शिलिंग ही किंमत कमीच होती. पण पुस्तकातला कारकून बॉब क्रॅचिट आठवून पाहा. मालक स्क्रूज त्याला आठवड्याला पंधरा शिलिंग देतो. त्यात बायको, सहा मुलं आणि त्यांतला पांगळा टिम. बॉबला स्वतःची गोष्ट विकत घ्यायची झाली असती, तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांच्या कुवतीबाहेरचं, आणि ज्यांना परवडलं त्यांच्याकडून लेखकाला पुरेसं न देणारं, अशा अडनिड्या जागी ही किंमत येऊन बसली होती. या प्रकरणाची खरी अडचण मला इथे दिसते.

जमाखर्च

फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रात या आवृत्तीचा खर्च बाबवार दिलेला आहे. सहा हजार प्रतींचा एकूण खर्च ८०५ पौंड ८ शिलिंग ५ पेन्स. छपाईला सुमारे ७४ पौंड, कागदाला ८९. चित्रं काढून घेणं आणि कोरणं, सुमारे ५०. चित्रांमध्ये हाताने रंग भरायला १२०. बांधणीला १८०. जाहिरात आणि किरकोळ खर्च १६८. प्रकाशकांचं कमिशन ९९.

आता हे प्रतीवर वाटून बघू. छपाई आणि कागद, म्हणजे वाचायचा मजकूर ज्याच्यावर उभा आहे ते सगळं, मिळून प्रतीमागे सात पेन्सांच्या आत. रंग आणि बांधणी मिळून ३०० पौंड, म्हणजे प्रतीमागे बरोबर एक शिलिंग, बारा पेन्स. आणि २३० पौंडांचा नफा सहा हजार प्रतींवर वाटला तर लेखकाच्या वाट्याला येतात जेमतेम नऊ पेन्स. पाच शिलिंगांच्या, म्हणजे साठ पेन्सांच्या पुस्तकात ज्याने ते लिहिलं त्याला नऊ आणि ज्याने ते सजवलं त्याला बारा.

उत्पन्नाची बाजूही कडक होती. छापील किमतीने सहा हजार प्रतींचे १,५०० पौंड होतात, पण पुस्तकविक्रेत्यांची सवलत वजा जाता हातात आले साधारण एक हजार. त्यातून ८०५ गेल्यावर दोनशेच्या आसपासच उरणार. पुढच्या चार हजार प्रतींवर आणखी तेवढेच सुटतील, असा डिकन्सचा अंदाज होता, तरीही दहा हजार प्रतींवर मिळून हजार पौंड होत नव्हते. १८४४ संपेपर्यंत पंधरा हजार प्रती गेल्या आणि एकूण नफा झाला ७२६ पौंड.

आपल्याला परत आपल्या पंखाखाली आणण्यासाठी प्रकाशकांनी मुद्दाम खर्च फुगवला, असा डिकन्सचा संशय होता. मला तो पटत नाही. चित्रकार त्याने निवडला होता, रंगीत चित्रांचा आग्रह त्याचा होता, आतले कागद त्याने बदलायला लावले होते आणि किंमतही त्याच्याच इच्छेने ठरली होती. कमिशन उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होतं. त्याला लूट म्हणता येत नाही. जाहिरातीचे १६८ पौंड डोळ्यात भरतात, एवढं मान्य करायला हवं. पण बाकी हिशेब डिकन्सच्याच आवडीनिवडीचा आहे. गरिबांची कड घेणारं पुस्तक आणि श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभणारी भेटवस्तू, ही दोन्ही कामं त्याला एकाच बांधणीत करून हवी होती. मला त्यात लोभ दिसत नाही. ही गोष्ट लोकांच्या घरात जपून ठेवली जावी, ही त्याची ओढ होती, आणि त्या ओढीचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला.

दोन पेन्सांची प्रत आणि कोर्ट

हिशेब येण्याआधी महिनाभर दुसरं संकट येऊन गेलं होतं. ६ जानेवारी १८४४ला 'पार्लीज इल्युमिनेटेड लायब्ररी' नावाच्या स्वस्त साप्ताहिकात कॅरोलचा पहिला भाग आला, किंमत दोन पेन्स. मूळ कथा 'आटोपशीर करून नव्याने रचली आहे' असा त्यावर दावा. प्रत्यक्षात पात्रं तीच, प्रसंग तेच, पुष्कळ ठिकाणी वाक्यंही तीच. मालक होते ली आणि हॅडक, आणि हे काम करणारा लेखणीबहाद्दर हेन्री ह्युइट.

डिकन्सने दोन दिवसांत चॅन्सरी कोर्ट गाठलं. त्याची बाजू मांडायला होते टॉमस नून टॅलफर्ड. लेखकांच्या हक्कांसाठी संसदेत वर्षानुवर्षं झटलेला हा माणूस, 'पिकविक' त्यांनाच अर्पण केलेलं आहे. त्यांच्या प्रयत्नांतून आलेला १८४२चा कायदा लेखकाला हयातभर आणि पुढे सात वर्षं, किंवा एकूण बेचाळीस वर्षं, यांत जे जास्त असेल तितका काळ हक्क देत होता. प्रतिवादींचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: आम्ही कथा सुधारली, टिम गाणं म्हणतो असं मूळात नुसतं लिहिलं होतं, आम्ही साठ ओळींचं गाणंच घातलं, शिवाय याआधी डिकन्सच्या कादंबऱ्या अशाच आटोपून छापल्या तेव्हा तो गप्प होता. न्यायाधीश नाइट ब्रूस यांनी यातलं काहीही मानलं नाही. १८ जानेवारीला मनाई हुकूम कायम झाला आणि दुसरा भाग निघालाच नाही. चोरांचा पार भुगा झाला, अशा अर्थाचं पत्र डिकन्सने आनंदाच्या भरात फॉर्स्टरला लिहिलं.

आनंद टिकला नाही. त्याने एक हजार पौंडांच्या भरपाईचा दावा लावला, आणि ली आणि हॅडक यांनी दिवाळं काढलं. भरपाई तर बुडालीच, वर कोर्टाचा खर्च, सुमारे ७०० पौंड, जिंकलेल्या डिकन्सच्या गळ्यात पडला. वर्षभरात पुस्तकाने ७२६ पौंड मिळवून दिले आणि पुस्तक राखायला ७०० गेले. दोन वर्षांनी पुन्हा अशीच चोरी झाली तेव्हा तो कोर्टात गेला नाही. अन्याय सोसणं परवडलं, पण कायद्याकडून होणारा त्याहून मोठा अन्याय नको, असं त्याने स्पष्ट लिहिलं. चॅन्सरी कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या खटल्यावर उभी असलेली 'ब्लीक हाउस' १८५२-५३मध्ये आली, तिच्यातला राग वाचताना हे ७०० पौंड आठवल्याशिवाय राहत नाहीत.

रंगभूमीवर तर त्याचा काहीच इलाज चालत नव्हता. कादंबरीवरून नाटक केलं तर लेखकाला काही देणं लागत नसे. फेब्रुवारी संपायच्या आत लंडनमध्ये कॅरोलची आठ नाटकं झाली. अमेरिकेत परदेशी लेखकाला हक्कच नव्हता. तिथे पुस्तक काही सेंटांत विकलं गेलं आणि डिकन्सला त्यातला छदामही मिळाला नाही. चोरांची बाजू मी घेणार नाही, पण दोन पेन्स ही किंमत मात्र मनातून जात नाही. बॉब क्रॅचिटला परवडेल अशी प्रत त्या जानेवारीत फक्त चोरांनी काढली होती.

नंतर बदललेल्या गोष्टी

डिकन्सने त्या वर्षी तीन निर्णय घेतले. लंडनचं घर भाड्याने दिलं आणि जुलैत कुटुंबासह स्वस्ताईच्या इटलीत, जिनोव्हाला, मुक्काम हलवला. प्रकाशक बदलला: ब्रॅडबरी अँड इव्हान्स या मुद्रकांकडून २,८०० पौंड घेतले आणि बदल्यात पुढच्या आठ वर्षांच्या लिखाणात त्यांना चौथा हिस्सा दिला. आणि नाताळाचं पुढचं पुस्तक, 'द चाइम्स', पाच शिलिंगांनाच काढलं, पण हाताने रंगवलेली चित्रं गाळून. कॅरोलने वर्षभरात जे दिलं नव्हतं, ते त्या पुस्तकाने लगेच दिलं; हजार पौंडांचा आकडा पहिल्याच फटक्यात ओलांडला. साहित्य म्हणून 'द चाइम्स' कॅरोलच्या जवळपासही पोचत नाही.

किंमत उतरायला आणखी वेळ लागला. १८४७पासून डिकन्सने आपल्या कादंबऱ्यांची स्वस्त आवृत्ती काढली, आठवड्याला दीड पेन्साचा भाग. नाताळाची पुस्तकं तिच्यात १८५२ साली आली.

त्याच्या पुढच्याच वर्षी कॅरोलला तिचं खरं रूप सापडलं, असं मला मनापासून वाटतं. २७ डिसेंबर १८५३ला बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये डिकन्सने ते मोठ्याने वाचून दाखवलं, तिथल्या एका नियोजित शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी. तीन तास लागले. ३० तारखेला पुन्हा वाचलं, या वेळी त्याच्या अटीवर: प्रेक्षागृह कामकऱ्यांसाठी राखायचं आणि तिकीट सहा पेन्स. दोन हजारांवर माणसं आली. इतका नेमका ठाव घेणारा श्रोता आपल्याला क्वचित मिळाला, असं तो म्हणत असे. ज्यांच्यासाठी पत्रक काढायचं होतं ते लोक दहा वर्षांनी त्याच्या समोर बसले होते.

१८५८च्या एप्रिलपासून तो स्वतःच्या उत्पन्नासाठी वाचन करू लागला. फॉर्स्टरचा याला विरोध होता, लेखकाने पैशासाठी मंचावर उभं राहणं त्याला प्रतिष्ठेला धरून वाटत नव्हतं. पण इथे बांधणीचा खर्च नव्हता, विक्रेत्याची सवलत नव्हती आणि ह्युइटसारख्याला चोरता येईल असं काही नव्हतं. डिकन्सचा आवाज डिकन्सकडेच होता. महाग जागांबरोबर एका शिलिंगाच्या जागाही तो आग्रहाने ठेवत असे. वाचनांनी त्याला मिळवून दिलेली रक्कम ४५,००० पौंडांच्या घरात जाते. मागे ठेवलेली सगळी मालमत्ता सुमारे ९३,००० पौंडांची होती. याची किंमत शरीराने मोजली. १८६९मध्ये डॉक्टरांनी दौरा अर्ध्यावर थांबवला, आणि ९ जून १८७०ला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो गेला.

१८६७च्या नोव्हेंबरात तो दुसऱ्यांदा अमेरिकेत उतरला. बॉस्टनमधलं पहिलं वाचन कॅरोलचंच होतं. त्या हिवाळ्यात ७६ वाचनं झाली आणि खर्च वजा जाता जवळपास २०,००० पौंड घेऊन तो परतला. परदेशी लेखकांना हक्क देणारा कायदा अमेरिकेने केला तो १८९१ साली.